अहो, त्यांचे टेराफ्लॉप किती?

सांगू नये, पण सांगितल्यावाचून राहवतही नाही. चांगल्या घरातली, शिकलेली, कुणाच्या अध्यात ना मध्यात अशी मुलं हल्ली जेवणं आटोपली की खोलीचं दार लोटून घेतात आणि पडद्यावर दोन कार्डं शेजारी शेजारी उभी करून त्यांची मापं बघत बसतात. अगदी सगळी मापं! लांबी किती मिलिमीटर, वीज किती खातं, मेमरी किती आणि कुठल्या जातीची, बस किती बिटांची, क्लॉक कुठवर चढतो. सरस आकडा हिरव्यात, कमी पडेल तो लाल. कार्डं म्हणजे पत्ते नव्हेत. पत्ते असते तर गोकुळाष्टमीच्या जागरणाला तरी उपयोगी पडले असते. ही ग्राफिक्स कार्डं, संगणकाच्या पोटात बसून पडद्यावरचं चित्र रंगवणारी. तीन-तीन पंखे लावलेली, दोन किलोंच्याही वर वजन भरणारी आणि त्या वजनानं कॅबिनेटमध्ये खाली झुकणारी, म्हणून त्यांना खालून टेकू द्यावा लागतो. हो, टेकू! बाजारात विकत मिळतो.

आणि भाषा तर काय विचारता. "फिफ्टी सेव्हन्टी फोर्टी नाइन्टीला मारते का?" हा प्रश्न ऐन जेवणाच्या पंगतीत ऐकला तेव्हा माझ्या हातातली पळी आमटीतच राहिली. कोण कुणाला मारतंय, आणि पोलिसांत कुणी कळवलंय का? मग उलगडा झाला की या दोघी एनव्हिडिया कंपनीच्या घरच्या. एक आरटीएक्स ५०७०, दुसरी आरटीएक्स ४०९०, आणि मारामारी सगळी कागदावरची. या मुलांच्या तोंडी कार्ड कधी पुल्लिंगी असतं, कधी स्त्रीलिंगी, पण 'मारणं' मात्र पक्कं.

मापांच्या त्या तक्त्यात एक रकाना आहे, त्याचं नाव 'थिअरेटिकल परफॉर्मन्स'. सगळ्या भानगडीचं मूळ तिथं आहे. माझ्या भाच्याला म्हटलं, बाबा रे, हा टेराफ्लॉप म्हणजे नेमकं काय प्रकरण? त्यानं महावितरणच्या बिलाची पाठ पुढे ओढली आणि मांडलं: कोअर १६,३८४. गुणिले दोन. गुणिले २.५२ गिगाहर्ट्झ. झाले ८२.६ टेराफ्लॉप. हे ४०९०चं. म्हणजे सेकंदाला ८२ लाख ६० हजार कोटी गणितं. देशाचं २०२५-२६चं अंदाजपत्रक ५० लाख कोटी रुपयांच्या आसपास होतं. हे कार्ड एका सेकंदात ते मागे टाकतं, आणि तेही कशासाठी, तर डबक्यात पडलेलं दिव्याचं प्रतिबिंब नीट दिसावं म्हणून!

मी म्हटलं, बाकी कळलं, पण मधले दोन कुठून आले? तर म्हणे, एक गुणाकार आणि एक बेरीज अशी जोडी प्रत्येक कोअर एकाच ठोक्यात उरकतो, म्हणून एका कामाचे दोन मोजायचे. माझा तर जीवच वर-खाली झाला. म्हणजे हा आकडा कुणी मोजलेलाच नाही! तीन संख्या घेतल्या, गुणल्या, छापल्या. यात गृहीत काय धरलंय, तर सोळा हजारांतल्या एकाही कोअरला क्षणभरही हातावर हात ठेवून बसावं लागत नाही, लागेल तो डेटा लागेल तेव्हा आयता समोर येतो आणि काम नेहमी गुणाकार-बेरजेचंच असतं. असा गेम अजून कुणी लिहिलेला नाही. पिक्सेल फिलरेट म्हणजे आरओपींची (रंगवलेले ठिपके शेवटी मेमरीत उतरवणाऱ्या भागांची) संख्या गुणिले क्लॉक. टेक्स्चर रेट म्हणजे टीएमयू (चित्रावर पोत चढवणारे भाग) गुणिले क्लॉक. बँडविड्थ म्हणजे बसची रुंदी भागिले आठ, गुणिले मेमरीचा वेग: ३८४ भागिले ८, गुणिले २१, झाले सेकंदाला १,००८ गिगाबाइट. सगळा तक्ता असाच. पाढे पाठ असलेल्या मुलाला कार्डाला हात न लावता घरबसल्या भरता येईल.

आणि या पाढ्यांवरून घराघरांत वैर! कारण घराणी दोन आहेत. एक एनव्हिडियाचं, हिरव्यांचं. दुसरं एएमडीचं, लालांचं. (इंटेल तिसरं; नवीन सून आहे, तिच्याबद्दल आत्ताच काही बोलत नाही.) पण आतली गोष्ट सांगू? ही दोन्ही घराणी नात्यातली आहेत. एनव्हिडियाचे प्रमुख जेन्सन हुआंग आणि एएमडीच्या प्रमुख लिसा सू, दोघेही तैवानात जन्मलेले आणि अमेरिकेत वाढलेले. जेन्सनची आई म्हणजे लिसाबाईंच्या आईच्या वडिलांची धाकटी बहीण. आता लावा नातं. लिसाबाईंच्या आईचे जेन्सन आतेभाऊ. म्हणजे लिसाबाईंचे हे मामा! २०२० साली बाईंनी स्वतः कबूल केलं की हो, दूरचं नातं आहे. दूरचं म्हणे. आपल्याकडे एवढ्या नात्यात आहेर चुकला तरी दहा वर्षं बोलणं बंद असतं. इकडे कोकणातल्या सामाईक विहिरीवरून झाली नसेल एवढी भाऊबंदकी जगभरची पोरं मामा-भाचीच्या वतीनं करताहेत, आणि त्या दोघांना त्याचं काही नाही.

मोठं घर पोकळ वासा म्हणतात, त्याचा दाखला हवा असेल तर २०१७ सालचं व्हेगा ६४ घ्या. ऑगस्टात एएमडीनं ते आणलं तेव्हा लालांच्या गोटात दिवाळी. १२.७ टेराफ्लॉप! समोर एनव्हिडियाचं जीटीएक्स १०८०, जेमतेम ८.९. मेमरीची बँडविड्थसुद्धा ४८४ विरुद्ध ३२०. तक्त्यात एका बाजूला हिरवंगार, दुसऱ्या बाजूला लालभडक. पोरांनी पेढे वाटले. मग प्रत्यक्ष गेम लावले, तर दोघं उन्नीस-बीस. कुठं हे पुढे, कुठं ते. आणि १०८० सव्वा वर्ष आधीचं, १८० वॅटवर भागवणारं. व्हेगाला लागायचे २९५. टेराफ्लॉप होते, पण त्यांना गेममध्ये पुरेसं कामच मिळेना. पुढे तीच कार्डं क्रिप्टोच्या खाणीत कामाला लावली, तेव्हा तिथं मात्र सगळे कोअर आणि सगळी बँडविड्थ राबली, आणि बाजारात व्हेगा औषधालाही मिळेनासं झालं. नको त्या ठिकाणी नाव काढलं म्हणायचं.

त्या खाणीतल्या कार्डांविषयी तर बोलूच नये. सप्टेंबर २०२२मध्ये क्रिप्टोतल्या इथिरियमनं आपली पद्धत बदलली, खाणकाम एका रात्रीत बंद झालं आणि ढिगांनी कार्डं सेकंडहँड बाजारात उतरली. दिवसरात्र तापलेली, पण 'फक्त ऑफिसच्या कामाला वापरलेलं' असं शपथेवर सांगून विकलेली. भूतकाळ लपवून उजवण्याचा हा प्रकार लॅमिंग्टन रोडला नवीन नाही, पण इतक्या मोठ्या प्रमाणावर? शिव शिव.

आता मामांकडे वळते. २०२० साल, घरोघरी सगळे अडकलेले. मामांनी मे महिन्यात स्वतःच्या स्वयंपाकघरात उभं राहून ओव्हनमधून एक भलंमोठं संगणकी धूड बाहेर काढून दाखवलं. चामड्याचं जाकीट घालून स्वयंपाकघरात! आणि १ सप्टेंबरला त्याच स्वयंपाकघरातून आरटीएक्स ३०८० जाहीर केलं. आकडा ऐका: ८,७०४ कोअर, २९.८ टेराफ्लॉप. आदल्या पिढीतलं सगळ्यात महागडं गेमिंग कार्ड २०८० टीआय, त्याचे कोअर ४,३५२ आणि टेराफ्लॉप १३.५. म्हणजे दुपटीहून जास्त, आणि किंमत निम्म्याच्या जवळ! ज्यांनी आदल्याच महिन्यात २०८० टीआय घेतलं होतं त्यांची तोंडं बघण्यासारखी झाली. सेकंडहँड बाजारात एकच पळापळ.

आणि मग गेम लावले, तर ३०८० पुढे किती? ४केमध्ये साधारण तीसेक टक्के. टेराफ्लॉप दुपटीच्या वर, वेग सव्वापटीपेक्षा थोडा जास्त. बाकीचे गेले कुठे?

आता जवळ या, ही गोष्ट मोठ्यानं बोलायची नाही. ८,७०४ म्हणजे ४,३५२च्या बरोबर दुप्पट. एकानंही कमी-जास्त नाही. यात काही खटकत नाही तुम्हाला? कोअर ज्या गटांत बसवलेले असतात त्या गटांना एसएम म्हणतात. २०८० टीआयमध्ये ते ६८, आणि ३०८०मध्येही ६८! माणसं तेवढीच, घरं तेवढीच, शिरगणती मात्र दुप्पट. झालं असं की जुन्या पिढीत प्रत्येक गटात दशांशाची गणितं करणारी एक फळी आणि पूर्णांकांची करणारी एक फळी, अशा दोन स्वतंत्र होत्या. नव्या पिढीत पूर्णांकवाल्या फळीला दशांशाचंही काम शिकवलं आणि मोजताना दोन्ही फळ्या दशांशात धरल्या. खोटं नाही हो, शिकवलं खरंच. पण पूर्णांकांचं काम आलं की ती फळी तिकडे जाते, आणि ते काम येतंच. २०१८ साली याच कंपनीनं कौतुकानं सांगितलं होतं की गेममध्ये दशांशाच्या शंभर सूचनांमागे पूर्णांकांच्या सुमारे ३६ असतात. दोन वर्षांनी ते ३६ तक्त्यातून गुल. पुढे भाचीनंही तोच कित्ता गिरवला. २०२२च्या डिसेंबरात आलेल्या आरएक्स ७९०० एक्सटीएक्सचा कागदावरचा आकडा ६१ टेराफ्लॉप, कारण तिथंही एकेका कोअरनं एका ठोक्यात दोन सूचना उचलल्या, असं धरलेलं. उचलतो कधी, तर दोन सूचनांचं आपापसात जमलं तर.

यावर कडी म्हणजे जानेवारी २०२५, लास वेगास. मामा चमचमत्या जाकिटात मंचावर आले आणि म्हणाले, ५०७०मध्ये ४०९०ची कामगिरी मिळेल, ५४९ डॉलरला. सभागृहात टाळ्या. इकडे तक्ता वाचणाऱ्या पोरांनी मंचावरचे दिवे मालवण्याआधीच गुणाकार मांडला: कोअर ६,१४४, टेराफ्लॉप ३०.९, मेमरी १२ गिगाबाइट. ४०९०चे? ८२.६ आणि २४. मग बरोबरी होते कशी? तर अशी: कार्डानं एक फ्रेम रंगवायची आणि पुढच्या तीन एआयनं अंदाजानं भरायच्या. चार फ्रेम दिसतात, त्यातली कष्टाची एक. ती क्लृप्ती बाजूला ठेवून मार्चमध्ये चाचण्या झाल्या, तर ५०७० जाऊन बसलं आदल्या पिढीच्या ४०७० सुपरच्या शेजारी. कुठं ४०९०, कुठं ४०७० सुपर! भारतात ५९,००० रुपये अधिकृत किंमत लावून आलेल्या कार्डाबद्दल एवढी थाप, आणि तीही भर सभेत, कॅमेऱ्यांसमोर.

मी मात्र तेव्हापासून त्या पोरांकडे जरा वेगळ्या नजरेनं बघायला लागले. फ्रेम मोजून फसवता येतं, हे या धंद्यात जुनं आहे. ऑक्टोबर २००१मध्ये एटीआय या कंपनीचं रेडिऑन ८५०० हे कार्ड क्वेक ३ या गेममध्ये फार सुसाट पळायचं. कुणा खट्याळ माणसानं गेमच्या फाइलचं नाव 'क्वेक'चं 'क्वॅक' केलं. बाकी काही नाही, नुसतं नाव! कार्ड मंदावलं आणि चित्र मात्र सुधारलं. म्हणजे ड्रायव्हर नाव ऐकून वागत होता. क्वेक दिसला की चित्राचा दर्जा गुपचूप उतरवून वेग वाढवायचा. क्वॅक म्हणजे बदकाचा आवाज, आणि त्या बदकानं एटीआयची अब्रू वेशीला टांगली. तेव्हा हसणाऱ्या एनव्हिडियावर २००३ साली तीच पाळी आली. ३डीमार्क०३ या चाचणीत कॅमेरा कुठून जाणार हे आधीच ठरलेलं, तर ड्रायव्हर त्या वाटेवर दिसेल तेवढंच रंगवायचा आणि बाकीचं खाऊन टाकायचा. चाचणी बनवणाऱ्यांनी मे महिन्यात अहवाल काढून 'फसवणूक' म्हटलं आणि जूनमध्ये दोघांनी मिळून निवेदन काढून त्याचं सोज्वळ नाव ठेवलं: विशिष्ट प्रोग्रॅमसाठी केलेली सुधारणा. पडद्यामागं काय झालं ते मला विचारू नका. तुम्हीही समजून घ्या.

पण तक्त्यातला आकडा? तो सैद्धांतिक असेल, पाढ्यातला असेल, गेमचा वेग त्यातून कळत नसेल. तरी तो लेखी शब्द असतो. आणि लेखी शब्द मोडला की हेच रिकामटेकडे पकडतात.

जीटीएक्स ९७० आठवतंय? सप्टेंबर २०१४. चार गिगाबाइट मेमरी, चारचौघांना परवडणारी किंमत, सगळ्यांच्या गळ्यातला ताईत. चारेक महिन्यांत काही जणांच्या लक्षात आलं की मेमरी साडेतीनपर्यंत भरते आणि मग गाडी अडते. साडेतीन! आपल्याला साडेतीन मुहूर्त ठाऊक, साडेतीन शक्तिपीठं ठाऊक, पेशवाईतले साडेतीन शहाणे ठाऊक. आता हे साडेतीन गिगाबाइट. उरलेल्या अर्ध्याचा वेग पहिल्या भागाच्या सातवा हिस्सा. जानेवारी २०१५मध्ये प्रकरण चव्हाट्यावर आलं तेव्हा आणखी पापं निघाली. तक्त्यात आरओपी ६४ लिहिले होते, निघाले ५६. एल२ कॅश २ मेगाबाइट लिहिली होती, निघाली पावणेदोन. कंपनी म्हणाली, आमच्या इंजिनिअरांचं आणि मार्केटिंगवाल्यांचं आपसात नीट बोलणं झालं नाही. चार महिने? एकाच कंपनीत? मामांनी तर पत्र लिहून सांगितलं की ही खोट नव्हे, ही खुबी आहे. अशी रचना केली म्हणून तर तुम्हाला चौथा गिगाबाइट मिळाला. शेवटी अमेरिकेत दावा उभा राहिला आणि २०१६ साली कार्डामागे ३० डॉलर द्यायचं ठरलं. आपल्याकडे ज्यांनी घेतलं त्यांना खुबीवरच समाधान मानावं लागलं.

दहा वर्षं गेली, आणि पुन्हा तेच. ३० जानेवारी २०२५ला आरटीएक्स ५०९० बाजारात आलं. भारतात अधिकृत किंमत २,१४,००० रुपये, वीज ५७५ वॅट. (आमचा मिक्सर ७५० वॅटचा आहे, पण तो चटणी वाटून झाली की गप्प बसतो.) कोअर २१,७६०, बस ५१२ बिटांची, सगळं कसं डोळे दिपवणारं. फेब्रुवारीत कुणीतरी नवंकोरं कार्ड लावलं आणि जीपीयू-झेड उघडलं. ही एक तळहाताएवढी राखाडी खिडकी असते, तिच्यात कार्डाचे सगळे आकडे ओळीनं येतात. शंभरातले नव्याण्णव जण तिच्यात नाव वाचून खिडकी बंद करतात. या माणसानं आरओपींची ओळ वाचली. १७६ हवे होते, १६८ होते. आठ गायब! दोन लाखांच्या वर मोजून घेतलेल्या वस्तूतले आठ कारखान्यातच राहिले. त्याची वाच्यता होताच इतरांनी आपापल्या खिडक्या उघडल्या. कंपनी म्हणाली, अर्ध्या टक्क्याहून कमी कार्डांत असं झालंय, फरक सरासरी चार टक्क्यांचा, बदलून देऊ. आणि हो, ५०७० टीआयमध्येही आहे. मग थोड्या दिवसांनी, अं, ५०८०मध्येही निघालं. तिथं ११२च्या जागी १०४.

आता मला सांगा, नुसता गेम खेळणाऱ्याला चार टक्के कधी कळले असते? शंभरच्या जागी शहाण्णव फ्रेम आल्या तर माणूस उन्हाळ्याला बोल लावतो, ड्रायव्हरला लावतो, स्वतःच्या नशिबाला लावतो. आरओपी मोजायला मात्र रात्री अकरा वाजता दार लोटून तक्ता पाठ केलेला लागतो. मी हे आमच्या बहिणीला सांगितलं तर ती म्हणाली, तू पण त्यांना सामील झालीस. होऊ दे.

सरकारनंसुद्धा हे खूळ मनावर घेतलंय, त्याला काय म्हणाल? ऑक्टोबर २०२३मध्ये अमेरिकेनं चीनला चिप विकण्यावर नवे निर्बंध घातले, आणि त्यांनी गेम लावून बघितले का? छे! सरळ गुणाकार. चिपचा सैद्धांतिक वेग गुणिले बिटांची लांबी. उत्तर ४,८०० किंवा त्याहून जास्त आलं तर परवाना लागेल. आपलं ४०९० भरलं सुमारे ५,२८५. गेम खेळायच्या कार्डावर संरक्षणाच्या कारणासाठी बंदी! मग मामांनी काय केलं? डिसेंबरात त्याचंच काटछाट केलेलं भावंड काढलं, आरटीएक्स ४०९० डी. कोअर १६,३८४वरून १४,५९२. उत्तर ४,७०७. कायद्याच्या आत! डी म्हणजे म्हणे ड्रॅगन, कारण चिनी पंचांगात पुढचं वर्ष ड्रॅगनचं होतं. गेममध्ये फरक थोड्या टक्क्यांचा. वॉशिंग्टनमधल्या सुटाबुटातल्या अधिकाऱ्यांनी जे केलं ते आमचा भाचा विजेच्या बिलाच्या पाठीवर करतो, आणि त्याला मात्र आम्ही 'वाया गेला' म्हणतो.

नावांचा घोळ तर विचारूच नका. सप्टेंबर २०२२मध्ये ४०८० नावानं दोन कार्डं जाहीर झाली, एक १६ गिगाबाइटचं, दुसरं १२चं. वाटावं मेमरीचाच काय तो फरक. तक्ता बघितला तर एकाचे कोअर ९,७२८, दुसऱ्याचे ७,६८०. बस एकाची २५६ बिटांची, दुसऱ्याची १९२. आतली चिपच वेगळी! पोरांनी असा गिल्ला केला की १४ ऑक्टोबरला कंपनीनं जाहीर केलेलं नाव परत घेतलं, आणि जानेवारीत तेच कार्ड शंभर डॉलर उतरवून ४०७० टीआय म्हणून आणलं. त्याआधी २०१८ साली जीटी १०३०चं तर नावही बदलायची तसदी घेतली नव्हती. जीडीडीआर५ मेमरीच्या जागी डीडीआर४ घातली, बँडविड्थ ४८वरून १६.८वर आणली, आणि खोक्यावर पुन्हा जीटी १०३०च. नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा.

बरं, एवढ्या सगळ्या चर्चा करणाऱ्या आमच्या भाच्याच्या कॅबिनेटमध्ये आहे काय? जीटीएक्स १६५०. कोअर ८९६, टेराफ्लॉप जेमतेम तीन. लाजायचं कारण नाही. २०२२च्या अखेरीस स्टीम या गेमच्या ऑनलाइन दुकानाच्या पाहणीत सगळ्यात जास्त संगणकांत हेच सापडलं होतं. त्यावर तो व्हॅलोरंट खेळतो, ते झकास चालतं. आणि रात्री ५०९० विरुद्ध ४०९० लावून बसतो. यातलं एकही त्याच्या घरी येणार नाही, त्याला ते ठाऊक आहे, त्याच्या आईला तर फारच चांगलं ठाऊक आहे.

आता मात्र नोकरी लागल्यापासून त्यानं खरंच कार्ड घ्यायचं काढलंय, म्हणून एक गोष्ट सांगून ठेवते. एप्रिल २०२५मध्ये मामांनी ५०६० टीआय आणलं: एक ८ गिगाबाइटचं, एक १६चं. परीक्षण करणाऱ्यांच्या हाती आधी पोचलं ते १६वालंच; ८वालं त्यांना पदरचे पैसे खर्चून दुकानातून आणावं लागलं. जूनमध्ये भाचीनं ९०६० एक्सटी आणलं: एक ८चं, एक १६चं. मामा-भाचीचं एवढ्या बाबतीत अगदी गुळपीठ. आणि गंमत म्हणजे तक्त्यात जोडीतली दोन्ही शेजारी ठेवलीत तर कोअर तेच, क्लॉक तोच, बस तीच, टेराफ्लॉपही तेवढेच. जवळपास सगळ्या ओळी बरोबरीत, मेमरीची ओळ मात्र लाल. ती एक ओळ नजरेतून सुटली की नवीन गेममध्ये आठ गिगाबाइट भरतात आणि पडदा अडखळायला लागतो. तेव्हा दुकानदार नुसतं 'सिक्स्टी टीआय आहे, देऊ का?' म्हणाला, तर पाकिटाला हात घालण्याआधी विचारा, "कुठलं?"